उचल, बिल आणि रोहित शर्मा

कराडला कृष्णा आणि कोयना अगदी समोरासमोर येऊन भिडतात. दोघींचं माहेर महाबळेश्वरच. निघाल्या मात्र वेगवेगळ्या वाटांनी, आणि इथं येऊन एकमेकींच्या आडव्या आल्या. त्यानंतर दोघी गुण्यागोविंदानं सांगलीकडं जातात. आम्ही कराडकरांनी त्यांच्याकडून पहिला अर्धा भाग तेवढा उचलला आहे. दोन माणसं भेटली की आधी समोरासमोर यायचं. गुण्यागोविंदाचं पुढं सांगलीत गेल्यावर बघू.

एरवी भांडायला विषयांची ददात नसते. यशवंतराव चव्हाणांचं गाव, त्यामुळं राजकारण बाळकडूत. त्यात कारखाने, बँका, पतसंस्था, सोसायट्या. कराड तालुक्यात जो कशाचाच संचालक नाही, त्याच्याकडं लोक जरा काळजीनंच बघतात. पण उन्हाळा लागला की कारखान्यांचे बॉयलर थंड होतात, धुराडी गप्प बसतात, आणि माणसाच्या अंगात साठलेलं सहकाराचं तत्त्वज्ञान कुठं वापरावं हा प्रश्न पडतो. तेवढ्यात आयपीएल येते. दत्त चौकाच्या आसपासच्या चहाच्या गाड्यांवर मग लोक मुंबई इंडियन्सचे संचालक होतात.

२०२५ च्या हंगामात सभेपुढं विषय एकच होता : रोहित शर्माला १६ कोटी ३० लाख रुपये द्यावेत की नाही.

म्हणजे ते दिले गेलेच होते. अंबानींनी कराडला विचारलं नव्हतं, हाही सभेचा एक उपविषय होता. आदल्या ऑक्टोबरात संघानं आकडे जाहीर केले, तेव्हाच इथल्या जाणकारांनी त्यातली गोम ओळखली होती. जसप्रीत बुमराला १८ कोटी, सूर्यकुमार यादव आणि हार्दिक पंड्याला प्रत्येकी १६ कोटी ३५ लाख, आणि रोहितला १६ कोटी ३० लाख. आता सोळा कोटींच्या हिशेबात पाच लाख म्हणजे काहीच नाही, असं बाहेरगावचा माणूस म्हणेल. व्यासपीठावर कोणाची खुर्ची कोणाच्या डावीकडं यावरून ज्या तालुक्यात कार्यक्रम तासभर उशिरा सुरू होतात, तिथला माणूस असं म्हणणार नाही. पाच करंडक जिंकून देणाऱ्याला पाच लाख कमी. करंडकामागं लाख रुपये कापले, असा त्याचा सरळ अर्थ इथं लावला गेला.

तर हंगाम सुरू झाला आणि रोहितच्या पहिल्या तीन सामन्यांतल्या धावा झाल्या ०, ८ आणि १३. चौदा सामन्यांवर पगार वाटला तर तीन सामन्यांचे होतात साडेतीन कोटी. साडेतीन कोटींच्या एकवीस धावा! गाड्यावर एकदम दोन गट पडले.

'काढा त्याला' गटाचं नेतृत्व एका निवृत्त बँक शाखाधिकाऱ्यांकडं होतं. त्यांना सगळे 'साहेब' म्हणतात. साहेबांचं म्हणणं एकच : माणसानं वेळेवर थांबावं. ते स्वतः साठाव्या वर्षी वेळेवर थांबले आणि दुसऱ्या महिन्यात एका पतसंस्थेत 'सल्लागार' म्हणून रुजू झाले. तिथं त्यांना मानधन आहे, फिरती खुर्ची आहे, आणि अकरा ते एक या वेळात ते 'आमच्या वेळी असं नव्हतं' हा सल्ला देतात. रोहितला 'इम्पॅक्ट प्लेअर' म्हणून फक्त फलंदाजीला उतरवतात, क्षेत्ररक्षणाच्या वेळी तो बाहेर बसतो, याचा साहेबांना विशेष संताप. "अर्धाच दिवस काम करायचं आणि पगार पूर्ण? असं कुठं असतं का?" असं ते दुपारी सव्वा वाजता विचारत होते.

'ठेवा त्याला' गटात पाठीवर ४५ आकड्याची निळी जर्सी घातलेला एक तरुण होता. स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. बरीच वर्षं करतो. "साहेब, फॉर्म काय, येतो आणि जातो. माणसाच्या आत आहे ते बघायचं असतं," असं तो पोटतिडकीनं म्हणाला. हे वाक्य त्यानं घरीही वापरलं असणार, कारण ते चांगलं घासून गुळगुळीत झालेलं होतं.

थोडक्यात, दोघंही रोहितबद्दल बोलत होते असं वरवर दिसत होतं.

या सगळ्यात आबा गप्प. आबा कृष्णाकाठचे ऊस बागाईतदार. क्रिकेट बघतात ते नातवाच्या मोबाईलवर, तेही डोळे बारीक करून. पण आकडा कानावर पडला की त्याचा ऊस केल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. त्या वर्षीच्या हंगामाची एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर, टनाला ३,४०० रुपये, सव्वादहा टक्के साखर उताऱ्याला. आबांनी डोळे मिटले, ओठ हलवले आणि सांगितलं, "अठ्ठेचाळीस हजार टन."

"काय?"

"सोळा कोटी तीस लाख. अठ्ठेचाळीस हजार टन ऊस हुतोय. तोडणी-वाहतूक न धरता."

गाड्यावर शांतता पसरली. कोटी हा आकडा कोणालाच खरा वाटत नव्हता. टन म्हटल्यावर तो सगळ्यांच्या डोळ्यांसमोर बैलगाड्या आणि ट्रॅक्टर घेऊन उभा राहिला. रोज पाच हजार टन गाळणारा कारखाना साडेनऊ दिवस चालेल एवढा ऊस एकट्या रोहितनं घातला होता. हंगाम संपला तेव्हा त्याच्या ४१८ धावा झाल्या होत्या. म्हणजे धावेला साधारण तीन लाख नव्वद हजार, म्हणजे एकशेपंधरा टन, म्हणजे बऱ्यापैकी पिकलेला अडीच-पावणेतीन एकर. हे कोष्टक बसल्यापासून आबांची नातवाच्या मोबाईलवर जुने सामने बघण्याची तऱ्हाच बदलली. रोहितनं एक धाव पळायची सोडली की ते कळवळायचे, "अडीच एकर उभं पेटवलं बघा!" आणि चौकार गेला की बांधावरून बघावं तसं स्क्रीनकडं बघत, "अकरा एकर. एका टोल्यात."

पण खरा सिद्धान्त आबांनी मांडला तो पुढं. साहेब म्हणत होते, पगार द्यायचा तो या वर्षीच्या कामाचा. मागं काय केलं ते मागं. जर्सीवाला म्हणत होता, त्यानं २०१३ ते २०२० मध्ये पाच करंडक आणून दिले, त्याचं काहीच नाही का? आबांनी चहाचा कप खाली ठेवला.

"तुमी दोघंबी येकाच पैशाला भांडताय, पण पैसं दोन हाईत. एक उचल, एक बिल."

ऊसपट्ट्यातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही, पण वाचकांत पुण्यामुंबईचेही असतील. उचल म्हणजे काम व्हायच्या आधी द्यायचा पैसा. पाऊस सरता सरता तोडणीच्या टोळ्यांच्या मुकादमाला लाखांनी उचल द्यायची, आणि मग दसऱ्यापासून रस्त्याकडं डोळे लावून बसायचं. आली टोळी तर आली. नाही तर मुकादमाचा फोन 'संपर्क क्षेत्राच्या बाहेर' असतो आणि टोळी दुसऱ्याच कारखान्याच्या फडात कोयता चालवत असते. बिल म्हणजे काम झाल्यानंतर येणारा पैसा. ऊस गेलेला असतो, साखर झालेली असते, ती चहातून लोकांच्या पोटात गेलेली असते, आणि शेतकरी बँकेत पासबुक भरायला रांगेत उभा असतो.

"तरण्या पोराला देत्यात ती उचल," आबा म्हणाले. "म्हाताऱ्याला देत्यात त्ये बिल. उचलीला हिशेब पुढचा, बिलाला मागचा. तुमी बिलाला उचलीचा हिशेब लावताय, मग भांडणं न्हाय हुनार तर काय!"

आता बघा, या कोष्टकात सगळी आयपीएल चपखल बसते. नोव्हेंबर २०२४ मध्ये जेद्दाच्या लिलावात लखनौनं ऋषभ पंतला २७ कोटी दिले. आयपीएलच्या इतिहासातली सर्वांत मोठी उचल. टोळी आलीच नाही. शेवटच्या सामन्याआधी त्याच्या सबंध हंगामात १५१ धावा होत्या. मग शेवटच्या दिवशी, फड दुसऱ्यांनी तोडून नेल्यावर, त्यानं नाबाद ११८ काढल्या, आणि लखनौ तो सामनाही हरलं. उलट राजस्थाननं वैभव सूर्यवंशी नावाच्या तेरा वर्षांच्या पोरावर १ कोटी १० लाख लावले, आणि त्यानं चौदाव्या वर्षी ३५ चेंडूंत शतक ठोकलं. उचल म्हणजे जुगारच. बिलात जुगार नसतो. बिलात काटा असतो.

असं म्हणून आबांनी पैरणीच्या आतल्या खिशातून दुधाच्या पिशवीत गुंडाळलेली काट्याची पावती काढली. ती चार घड्यांची होती आणि घड्यांवर अक्षरं पुसट झालेली. भरलेल्या गाडीचं वजन. रिकाम्या गाडीचं वजन. बांधणीची वजावट. निव्वळ वजन. आबांनी काळपट नखानं एकेक ओळ दाखवली आणि रोहितला काट्यावर चढवला. "भरल्यालं वजन : पाच करंडक. टी-ट्वेंटीचा विश्वचषक जिंकून आला बार्बाडोसहनं, त्यो धरायचा न्हाय, त्यो देशाच्या खात्यावर. वजावट : वय अडतीस, गुडघा, आन् पैल्या तीन सामन्यांच्या एकवीस धावा. ऱ्हायलं निव्वळ. आता सांगा, किती टन?"

साहेबांना उत्तर सुचलं नाही, म्हणून त्यांनी धोनीचा विषय काढला. कराडमध्ये हा जुना डाव आहे : स्वतःच्या गटात फूट पडायला लागली की समोरच्याच्या गटात फूट पाडायची.

कारण धोनीची केस आणखी मजेशीर. २०२२ च्या हंगामासाठी चेन्नईनं त्याला १२ कोटींना ठेवलं होतं. २०२५ साठी एक जुना नियम पुन्हा बाहेर काढण्यात आला : जो भारतीय खेळाडू पाच वर्षांत आंतरराष्ट्रीय सामना खेळलेला नाही, तो 'अनकॅप्ड' धरायचा. झालं. दोन विश्वचषक जिंकलेला कर्णधार नवोदितांच्या यादीत गेला आणि ४ कोटींत राहिला. त्याच संघाचा कर्णधार पुण्याचा ऋतुराज गायकवाड, १८ कोटींचा. पण टाळ्यांचा हिशेब उलटा. चेन्नईची विकेट पडली की चेन्नईचंच मैदान आनंदानं उसळायचं, कारण एक आउट झाला म्हणजे धोनी एकानं जवळ आला. आणि धोनी यायचा कधी? मार्चमध्ये बंगळुरूविरुद्ध तर नवव्या क्रमांकावर, सामना हातातून गेल्यावर. प्रशिक्षक फ्लेमिंगनी पुढं सांगूनही टाकलं की त्याचे गुडघे पूर्वीसारखे राहिलेले नाहीत, दहा षटकं सलग पळणं त्याला झेपत नाही. ऋतुराजच्या कोपराला दुखापत झाली आणि त्रेचाळीस वर्षांच्या धोनीकडं पुन्हा कर्णधारपद आलं. चेन्नई गुणतक्त्यात शेवटून पहिली आली.

"बघा!" साहेब म्हणाले.

"बघतो की," जर्सीवाला म्हणाला. "१४ एप्रिल २०२४ बघा. वानखेडे."

तो सामना म्हणजे या वादातला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालासारखाच दोन्ही पक्षांना आपला वाटणारा. शेवटच्या षटकात चार चेंडू उरले असताना धोनी आला. हार्दिकला लागोपाठ तीन षटकार, मग दोन धावा. चार चेंडूंत २०. पुढं मुंबईच्या डावात रोहित शर्मा पहिल्या चेंडूपासून शेवटपर्यंत उभा राहिला, नाबाद १०५. मुंबई हरली. कितीनं? वीस धावांनी. म्हणजे एका म्हाताऱ्यानं डावभर शेत नांगरलं आणि दुसऱ्यानं येऊन चार चेंडूंत पीक नेलं. म्हाताऱ्यांना पैसे द्यावेत की नाही याचं उत्तर त्या रात्री एवढंच मिळालं की कोणत्या म्हाताऱ्याला, हे आधी ठरवा.

हा प्रश्न काही आयपीएलनं जन्माला घातलेला नाही. हिंदुस्थानातला पहिला नामी षटकारबहाद्दर सी. के. नायडू. तोही जन्मानं नागपूरचाच, रोहितसारखा. १९२६ साली बॉम्बे जिमखान्यावर एमसीसीविरुद्ध १५३ धावा, त्यात ११ षटकार. इंदूरच्या होळकरांनी त्याला पदरी ठेवलं, फौजेत कर्नल केलं. युद्धावर पाठवायचा प्रश्नच नव्हता. बॅट हीच तलवार. आणि हा कर्नल साठी उलटल्यावरसुद्धा रणजी खेळत होता. आमच्या शेजारच्या सांगलीत जन्मलेले विजय हजारे बडोद्याच्या महाराजांच्या आश्रयाला गेले. संस्थानिकांना एफआरपी नव्हती, लिलाव नव्हता, आणि विचारायला चहाचा गाडाही नव्हता. मर्जी हाच काटा.

आणि फुकटचा म्हातारा बघायचा असेल तर पुण्याचे प्रा. दि. ब. देवधर. स. प. महाविद्यालयात संस्कृत शिकवायचे आणि उरलेल्या वेळात गोलंदाजांना शिकवायचे. १९४०-४१ च्या रणजीत मुंबईविरुद्ध २४६ धावा, वय वर्षं ४८. त्याही हंगामात महाराष्ट्राला करंडक, आदल्याही हंगामात, दोन्ही वेळा कर्णधार हेच. पुढं बावन्नाव्या वर्षी एकाच सामन्यात दोन शतकं. जगले एकशेएक वर्षं. साहेबांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, "पण त्यांना पैसे कुठं मिळत होते?" म्हणजे म्हाताऱ्यानं खेळायला त्यांची हरकत नव्हतीच. हरकत होती ती पैसे मिळण्याला.

इथं कोणीतरी गोळेश्वरचं नाव काढलं. काढणारच. कराडपासून हाकेच्या अंतरावर गोळेश्वर, पैलवान खाशाबा जाधवांचं गाव. आबांचं उचल-बिलाचं कोष्टक या एका माणसापाशी येऊन साफ कोलमडतं. १९५२ साली हेलसिंकीला जायचं तर पैसे नव्हते. गावोगाव वर्गणी मागितली. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी राहतं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबा गेले, आणि स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक, ब्राँझ, घेऊन आले. कराडहून गोळेश्वरपर्यंत शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. आणि मग? मग त्यांनी कुस्त्यांचे फड भरवले, कशासाठी, तर पैसे उभे करून खर्डेकर सरांचं घर सोडवण्यासाठी! पंतनं २७ कोटी परत केल्याचं कोणी ऐकलं नाही. आमच्या माणसानं पदक जिंकून आल्यावरसुद्धा उचल फेडली.

आणि बिल? १९५५ साली पोलिसांत फौजदार म्हणून नोकरी लागली, ती केली; निवृत्तीनंतर पेन्शनसाठी खेटे घालावे लागले. १९८४ साली अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार जाहीर झाला तो २००० सालचा. पदकानंतर अठ्ठेचाळीस वर्षांनी बिल निघालं, आणि सही करायला माणूस नाही.

"आन् तुमी सोळा कोटीला भांडताय," आबा म्हणाले. "दिऊ द्या की. द्यायची सवय तरी लागंल लोकास्नी."

सभा इथंच संपायची, पण गाड्यावरच्या एका काकांचा मुलगा न्यू जर्सीला असतो. अशा काकांना शेवटचं भाषण दिल्याशिवाय सभा संपत नाही. त्यांनी सांगितलं की अमेरिकेत बेसबॉल नावाचा खेळ आहे आणि तिथं हेच भांडण दर उन्हाळ्यात चालतं. अल्बर्ट पुहोल्स नावाच्या टोलेबाजाशी लॉस एंजेलिसच्या एका संघानं दहा वर्षांचा करार केला, २४ कोटी डॉलरचा. पहिल्या संघासाठी त्यानं जी कामगिरी केली ती बघून दुसऱ्यानं पैसे दिले. शेवटच्या वर्षी, एकेचाळिसाव्या वर्षी, काढूनच टाकलं. साहेबांनी विजयी मुद्रेनं मान डोलावली. "मग तो आपल्या जुन्या संघात परत गेला," काका म्हणाले, "आणि बेचाळिसाव्या वर्षी २४ होमरन मारले. एकूण ७०३." साहेबांनी मान तिथंच थांबवली.

"आणि दुसरा एक आहे. बॉबी बोनिया. न्यूयॉर्कच्या मेट्स संघाला तो नको झाला होता, पण करार शिल्लक, देणं ५९ लाख डॉलर. संघ म्हणाला, आत्ता नको, नंतर देतो. तो म्हणाला, चालेल, फक्त आठ टक्के व्याज लावा. २००१ साली तो खेळायचा थांबला. २०११ पासून दर १ जुलैला त्याच्या खात्यावर बारा लाख डॉलर जमा होतात. आपले दहा कोटी. दर वर्षी. २०३५ पर्यंत."

जर्सीवाल्यानं मनातल्या मनात भागाकार केला. घरी बसलेला माणूस धोनीच्या अडीचपट घेत होता. साहेबांचा चेहरा पडला. सल्लागारपदाचं मानधन त्यांना पहिल्यांदाच अपुरं वाटलं असावं. पण खरा धक्का बसला होता आबांना. दहा कोटींचे टन करायचेसुद्धा ते विसरले.

"काय म्हणालासा? तारीख ठरल्याली?"

"१ जुलै."

"चुकवत न्हाईत?"

"नाही."

"व्याजासकट?"

"आठ टक्के."

आपल्याकडंही कायदा आहे. ऊस गेल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यायचे, नाहीतर पंधरा टक्के व्याज. १९६६ सालचा आदेश आहे. अमेरिकेच्या जवळजवळ दुप्पट. आबांना तो तोंडपाठ आहे. कायदा पाठ असणं आणि व्याज पासबुकात दिसणं यांतलं अंतर त्यांच्याइतकं कोणी चाललेलं नाही.

शेवटी रिवाजाप्रमाणे ठराव झाला. सूचक जर्सीवाला, अनुमोदक आबा. रोहित शर्माला १६ कोटी ३० लाख देण्यात यावेत. मात्र ताळेबंदात ही रक्कम 'खेळाडूंचे वेतन' या सदरात न दाखवता 'मागील देणी' या सदरात दाखवावी, म्हणजे दर शून्यागणिक कोणी तिचा हिशेब मागणार नाही. साहेबांनी "माझा विरोध नोंदवून घ्या" म्हटलं, तो आवाज "मंजूर, मंजूर"च्या गजरात कोणाला ऐकू गेला नाही. वार्षिक सभेची आमच्याकडं हीच पद्धत आहे.

सगळे उठले तरी आबा काकांचा हात धरून बसलेच होते.

"काका, तुमच्या पोराला एवढं इचारून सांगा," ते हळूच म्हणाले. "त्या मेट्सचा शेअर काढायचा झाला, तर सभासद व्हायला सात-बारा लागतोय का?"